सगळ्यांसाठी एकच दार

१४ जानेवारी, सालातिगा, जावा

आज आईला 'तेतांगा'वर आणायचा प्रयत्न केला आणि हरले.

तेतांगा म्हणजे शेजारी. गप्पांचं, फोटोंचं, बातम्यांचं आमचं हे जाळं. त्याला मालक नाही, कंपनी नाही. ज्या गटाला हवं त्याने आपला सर्व्हर चालवायचा, आपले नियम करायचे, आणि तरीही एका सर्व्हरवरचं माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्याशी बोलू शकतं. आम्ही सर्व्हरला घर म्हणतो. जेपाराच्या लाकूड कोरणाऱ्यांचं एक घर, सोलोच्या कर्णबधिर मंडळींचं एक, आम्हा ग्रंथपालांचं एक. घरं वेगळी, गल्ली एक. मी आईला हे असंच समजावलं. तिने पहिल्या पानावरची घरांची यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली.

"ह्यातलं एकही घर मी आतून पाहिलेलं नाही," ती म्हणाली. "कोणाच्यात जाऊ? आणि एकाकडे गेले तर बाकीचे रागावणार नाहीत?"

मी म्हटलं, कुठेही जा, फरक पडत नाही.

"फरक पडत नाही तर निवडायला का लावता?" असं म्हणून तिने फोन पालथा ठेवला आणि कुंड्यांना पाणी घालायला गेली.

एकट्या आईचं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण एका मोठ्या परदेशी कंपनीने आपल्या साइटवरचे गट बंद केल्यापासून माणसं आमच्या दाराशी लोटली आहेत, आणि यादी पाहून आल्या पावली परत जात आहेत. नवीन लोकांच्या स्वागताचं काम घरं चालवणाऱ्यांच्या मंडळाने माझ्याकडे दिलं आहे. ग्रंथालयात आयुष्य गेलं म्हणून असेल. दारात बावरून उभ्या असलेल्या माणसाला मी चेहऱ्यावरून ओळखते. ते परत गेलं की मला आत कुठेतरी दुखतं.

२१ जानेवारी

सेमारांगला बैठक झाली. गालिहच्या ऑफिसात, म्हणजे त्याच्या भावाच्या झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत. गालिह 'पेंडोपो' चालवतो. आमच्यातलं सगळ्यात मोठं घर. पेंडोपो म्हणजे भिंती नसलेला मंडप; नावाप्रमाणेच चहूबाजूंनी उघडं, कोणीही यावं, बसावं. त्याचं म्हणणं सरळ होतं. पहिल्या पानावर यादी नको. एकच मोठं बटण, 'आत या'. ते दाबलं की माणूस थेट पेंडोपोत. ज्याला दुसरं घर हवं त्याच्यासाठी तळाला एक ओळ.

"लोकांना गल्लीचा नकाशा नको असतो," तो म्हणाला. "बसायला जागा हवी असते. म्बाक वेनिंगना विचारा, त्यांनी आयुष्यभर हेच पाहिलंय."

इथे सगळे मला बु म्हणतात, बाई. गालिह एकटा म्बाक म्हणतो, म्हणजे ताई. उगाच बरं वाटतं.

विरोध एंदाहचा. ती असणारच. एंदाह माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, एका खोलीत राहायचो, एकमेकींचे सारोंग नेसायचो. तिचं घर 'बेनांग', म्हणजे दोरा. उंगारान रस्त्यावरच्या शिलाई कारखान्यांतल्या बायकांसाठी. तिची धाकटी बहीण तिथे होती. लाइनवरच्या सुपरवायझरच्या जाचाने काम सोडून आली आणि कितीतरी दिवस कोणाशी बोलली नाही. त्यानंतर एंदाहने मागच्या खोलीत एक जुना संगणक ठेवून बेनांग सुरू केलं. तिथे आतल्या एकीने 'ही माझ्या ओळखीची' असं म्हटल्याशिवाय नवीन बाई घेत नाहीत. आणि आतल्या एकीने जरी नको म्हटलं तरी नाहीच. खरं नाव विचारत नाहीत, फोन नंबर नाही, काही नाही.

"बसायला जागा जरूर दे," एंदाह गालिहला म्हणाली. "पण सगळ्या गावाला तुझ्याच ओसरीवर का?"

"मग तुम्ही घ्या की," तो हसत म्हणाला. "तुमच्या दाराला तर आतून कडी. कोणाची कोण, विचारता विचारता ती बाई म्हातारी व्हायची."

सगळे हसले. मीही हसले. एंदाहने माझ्याकडे पाहिलं, ते मला आवडलं नाही.

मग मी माझी सूचना मांडली. लोक पासवर्ड विसरतात. ग्रंथालयात कार्ड विसरणाऱ्यांची रांग मी रोज पाहते. फोन नंबर कोणी विसरत नाही. नंबर टाकला की आत. गालिहने टेबलावर थाप मारली, म्हणाला, हेच मला सुचत नव्हतं. एंदाहने विचारलं, लोकांचे नंबर आपल्याजवळ कशाला ठेवायचे? मी म्हटलं, ठेवायला नाहीत गं, ओळखायला.

"ओळखायचं म्हणजे ठेवावंच लागतं," ती म्हणाली.

शब्दात पकडायची तिची जुनी खोड. ठराव माझ्या बाजूने झाला.

२ फेब्रुवारी

दार उघडलं. आई आत गेली. न विचारता, न अडखळता, दुपारच्या चहाआधी. संध्याकाळी तिचा पहिला फोटो आला, अंगणातल्या पपईचा. लगेच एका अनोळखी बाईने दूर मेदानहून लिहिलं, 'आमच्याकडेही अशीच लागली आहे.' आई झोपेपर्यंत त्या बाईबद्दल बोलत होती.

मला रडू आलं. कोणाला सांगणार?

११ फेब्रुवारी

आज कारखान्यांच्या मागच्या खानावळीत शिकवणी घेतली. बायका पाळी संपवून आलेल्या, कोणाच्या केसांत अजून कापसाचे तंतू. मालकीणबाईंनी भात, सोयाबीनचं तेम्पे आणि वाफाळता आल्याचा रोंदे दिला. मी एकेकीला बटण दाखवलं. दाबा, नंबर टाका, झालं. खिदळत होत्या.

एक मागे राहिली. रुमिनी, तेवीस-चोवीसची असेल, बारीक, ओठ घट्ट मिटून बोलणारी. म्हणाली, एका मैत्रिणीने बेनांगचं नाव सांगितलंय, ती माझ्यासाठी शब्द टाकणार आहे, पण अजून उत्तर नाही. मी म्हटलं, कशाला थांबतेस? पेंडोपोत ये, तिथून बेनांगमधल्यांशीही बोलता येतं, सगळं एकच आहे.

"कारखान्यातल्या साहेबांना दिसेल का, बु?"

"तुझं नाव लिहूच नकोस ना. टोपणनाव घे."

"आणि नंबर?"

"तो फक्त आत येण्यापुरता. तो कोणाला दिसत नाही."

तिने जरा विचार केला, आणि टाकला. टोपणनाव घेतलं 'मोडकी सुई'. मी म्हटलं, छान आहे. ती पहिल्यांदा हसली.

१८ फेब्रुवारी

एंदाहकडे गेले होते. चांगल्या मनाने गेले होते, हे इथे लिहून ठेवते. जाताना तिला आवडते म्हणून शेंगदाण्याची वडी नेली.

बेनांग रिकामं होत चाललंय. बायकांच्या मैत्रिणी पेंडोपोत, मग त्याही तिकडे. एंदाह म्हणाली, तुझ्या दाराने माझं घर उपसलं. मी म्हटलं, कोणी ओढून नेलं नाही. जिथे सोपं तिथे माणूस जातं, आणि सोपं करणं हा गुन्हा आहे का?

"सोपं कोणासाठी, ते बघ," ती म्हणाली. "माझ्याकडे कोणी बायकांची नावं मागायला आलं तर माझ्याजवळ द्यायलाच काही नाही. मला मारलं तरी मी सांगू शकत नाही. गालिहकडे कोणी आलं तर?"

"गालिह तसा नाही."

"अगं, तो कसा आहे हे मी विचारतच नाहीये. तो देव का असेना."

मग मीही बोलले. म्हटलं, तुझ्या नियमांनी कितीजणी बाहेरच राहिल्या त्याचा हिशोब कर. भीती दाखवून तू त्यांना कोंडून ठेवतेस. बहिणीचं झालं ते झालं, म्हणून सगळ्या जगाला कडी लावायची का?

बहिणीचं काढायला नको होतं. पण तिने मला बोलायला भाग पाडलं. वडीला तिने हात लावला नाही.

खरं सांगायचं तर तिला झोंबलंय ते वेगळंच. तिचं घर लहान झालं आणि आमचं दार चाललं. इतक्या वर्षांच्या मैत्रिणीबद्दल असं लिहिताना वाईट वाटतं, पण आहे ते आहे.

२९ फेब्रुवारी

जेपाराच्या मंडळींनी घर बंद केलं. सांभाळणारे सुवर्णोकाका म्हणाले, सगळी मुलं पेंडोपोत गेली, मी एकटा कोणासाठी दिवा लावू? मी त्यांच्यासाठी छान निरोपाचा मजकूर लिहून दिला. गालिह म्हणाला, हे होणारच, लहान ओढे नदीला मिळतात. वाक्य चांगलं आहे. पुढच्या शिकवणीत वापरीन.

सोलोच्या घराचंही डळमळीत आहे म्हणतात.

१० मार्च

रुमिनी लिहिते. आणि काय लिहिते! लाइन कशी चालते, लघवीला जायला परवानगी कशी मागावी लागते, सुपरवायझर मागून येऊन खांद्यावर हात ठेवतो आणि तो हात मशीन बंद होईपर्यंत उचलत नाही. नाव कोणाचं नाही, कारखान्याचंही नाही. पण रस्त्यावरच्या प्रत्येक बाईला कळतं. पाचसहाजणी खाली आपापलं लिहू लागल्या आहेत.

मला वाटलं, नवीन माणसाने आत येताच हे वाचावं. तेतांगा कशासाठी आहे ते कळेल. गालिहला सांगून 'मोडक्या सुई'ची ती खांद्यावरच्या हाताची पोस्ट मी स्वागताच्या पानावर लावून घेतली, अगदी वर. रुमिनीला नंतर कळवलं. तिने उत्तर दिलं, 'बु, इतकं वर कशाला?' लाजाळू आहे. मी लिहिलं, तुझ्यासारख्यांचा आवाज वरच हवा.

२४ मार्च

पेंडोपोचं रोजा सोडायचं एकत्र जेवण, सेमारांगला. खजूर, केळ्यांचं गोड कोलाक, मग कोळंबीच्या भज्यांचं ताहू गिम्बाल. माणसंच माणसं. गालिहने भाषणात माझं नाव घेतलं. म्हणाला, तेतांगाला दार नव्हतं, दार म्बाक वेनिंगने दिलं. टाळ्या झाल्या. एंदाह आली नव्हती. तिला निरोप गेला होता की नाही, विचारायचं राहिलं.

जाकार्ताचे दोघे पाहुणे होते, चांगले कपडे, थोडं खाणारे. एवढी माणसं एका जागी कशी आणली, असं मला खोदून खोदून विचारत होते. मी सगळं सांगितलं. कौतुकाने ऐकत होते.

२ एप्रिल

रुमिनीचा फोन. कारखान्याच्या ऑफिसने तिला बोलावलं. तिच्याबरोबर आणखी काहीजणी. पोस्टखाली लिहिणाऱ्याच. टेबलावर त्यांच्या पोस्टचे कागद छापून ठेवलेले, आणि प्रत्येकीच्या टोपणनावापुढे तिचं खरं नाव.

मी विचारलं, कसं कळलं? कोणी चुगली केली असेल, लाइनवर चहाड्या चालतातच.

ती म्हणाली, "नावापुढे माझा नंबर होता, बु."

मी म्हटलं, मी बघते. दुसरं काय म्हणणार होते?

३ एप्रिल

गालिहला दिवसभर फोन केले. शेवटी उचलला. कारखान्याच्या वकिलाने बदनामीची नोटीस पाठवली होती, दोन आठवड्यांपूर्वी. म्हणजे त्या जेवणाच्या आधी. तेव्हा त्याला माहीत होतं. मी हे म्हटलं तेव्हा तो म्हणाला, त्या दिवशी सगळ्यांचा विरस कशाला करायचा?

"पण नंबर दिलेस?"

"नाही देत म्हटलं असतं तर केस माझ्यावर. सर्व्हर माझ्या नावावर, जागा माझ्या भावाची. सगळे माझ्याच घरात राहतात म्हटल्यावर मी एकटाच सापडणार ना? मला दोन मुलं आहेत, बु."

मला बु म्हणाला.

मग म्हणाला, "आणि नंबर घ्यायची कल्पना तुमचीच होती. मी कोणाला सांगत नाही, पण होती."

कल्पना माझी होती, खरं आहे. पण ती आत येण्यासाठी होती. बाहेर देण्यासाठी नव्हती. सुरी भाजी चिरायला दिली तर... हे लिहून पाहिलं आणि पुढचं वाक्य सुचेना. ठराव सगळ्यांनी केला होता. एंदाहने तेव्हा नीट समजावून सांगितलं असतं तर मी ऐकलंही असतं. ती टोमणे मारते, समजावत नाही.

स्वागताच्या पानावरून ती पोस्ट काढून टाकली.

७ एप्रिल

सण तोंडावर आणि रुमिनीला कामावरून काढलं. बाकीच्यांना ठेवलं, पण माफीनाम्यावर सह्या घेऊन. रुमिनीची सही पुरली नाही. तिला मोबाइलसमोर उभं करून माफी वाचायला लावली, सुपरवायझर बाजूला. मी खोटं लिहिलं, माझ्या साहेबांनी मला कधी हात लावला नाही, मला पश्चात्ताप होतो. ते सगळीकडे फिरतंय. पेंडोपोतही. आईने पाहिलं. म्हणाली, बिचारी पोरगी, खोटं कशाला लिहायचं?

मी उठून धुतलेली भांडी परत धुतली.

११ एप्रिल, लेबारानचा म्हणजे ईदचा दुसरा दिवस

रुमिनीच्या घरी जाऊन आले. बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, सगळं जावा गावाकडे निघालेलं. तिचं घर आंबारावाच्या पुढे, शेताच्या कडेला. आईवडील भले. मला सर्वांत चांगल्या खुर्चीत बसवलं, पानात उकडलेला केतुपाट भात आणि कोंबडीचा रस्सा वाढला. ती वाढत होती, मान खाली.

आज सगळे सगळ्यांची माफी मागतात. मीही तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हटलं, वरच्या आणि मनातल्या सगळ्या चुकांची माफी असू दे.

"माझ्याही, बु," ती म्हणाली. "वरच्या आणि मनातल्या."

तेच तिने माझ्यामागून आलेल्या शेजारणीलाही म्हटलं, आणि शेजारणीच्या पोरालाही.

परतताना खूप हलकं वाटलं. मोठ्या मनाची मुलगी आहे. मला वाटलं होतं ती दार लावून घेईल.

५ मे

एंदाहने बेनांगचं दार पेंडोपोला बंद केलं. म्हणजे आता पेंडोपोतल्या कोणाचं काही तिकडे पोचणार नाही आणि तिकडचं काही आम्हाला दिसणार नाही. ज्याचं त्याचं घर, तसा तिला हक्क आहे. सोलोवाल्यांनीही केलं. ग्रंथपालांच्या घरानेही केलं. आमच्या घराने! मी दार चालवायचं म्हणून फेब्रुवारीतच पेंडोपोत राहायला गेले होते, आता माझीच जुनी माणसं मला दिसत नाहीत. आमच्याच ग्रंथालयातली हार्तिनी शेजारच्या टेबलावर बसते. काल दुपारी फोनकडे पाहून हसत होती. कशाला हसतेस विचारलं, तर म्हणाली, काही नाही बु, घरातलं.

एंदाहला मी पत्रासारखं लांबलचक लिहिलं. 'पोचलं नाही' असा शेरा येऊन परत आलं. फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर ती मध्येच बोलते.

२६ मे

जाकार्ताच्या त्या दोघांची कंपनी पेंडोपो विकत घेणार. गालिहने सगळ्यांना लिहून कळवलं, 'आपण मोठ्या कुटुंबात जात आहोत.' नोटिसा, वकील, हे सगळं आता त्यांच्याकडे. तो सुटला. मला फोन करून म्हणाला, स्वागताच्या कामाला त्यांना अनुभवी माणूस हवंय, तुमचं नाव सांगितलंय.

मी विचार करते म्हटलं. अर्थात नाहीच म्हणणार आहे. पण घाईने नाही म्हटलं तर राग आल्यासारखं दिसतं.

१६ जून

आज नाही कळवायला फोन केला. पलीकडून एका मुलीने सांगितलं, ती जागा भरली. तरीही मी माझं नाही तिला स्पष्ट सांगितलं. तत्त्वाचा प्रश्न आहे.

आई मात्र पेंडोपोतच. मी तिला समजावलं, ते आता विकलं गेलंय, आपण दुसरीकडे जाऊ. ती म्हणाली, माझी मेदानची मैत्रीण इथे आहे, तिला कुठे शोधू? आणि निवडायला लावू नकोस गं परत.

२३ जून

मी पेंडोपो सोडलं. आता मला घर नाही. ग्रंथपालांकडे परत जाता येईल, पण हार्तिनीला विचारायचं जिवावर येतं.

बेनांगमध्ये जायचं ठरवलं आहे. एंदाहला दाखवून द्यायचं नाही काही, उलट. चूक झाली असेल तर ती जिथे दुरुस्त होते तिथे माणसाने जावं. माझ्या अनुभवाचा त्या बायकांना उपयोग होईल. नवीन बायकांना घाबरू न देता कसं आत घ्यायचं हे तिथे कोणाला जमत नाही. ती पद्धत मी बसवून देईन.

पण तिथे आतल्या कोणाचातरी शब्द लागतो. रुमिनी आता बेनांगमध्ये आहे. तिच्या मैत्रिणीने टाकलेल्या शब्दाचं उत्तर शेवटी आलं म्हणे. कामावरून काढल्यावर. तिला फोन केला. ती घरीच शाळेचे गणवेश शिवते आता. मशीनचा आवाज येत होता. मी म्हटलं, माझ्यासाठी एक शब्द टाकशील?

मशीन थांबली.

"मी घरात विचारते, बु," ती म्हणाली.

किती नम्र मुलगी. आवाज चढवलेला मी तिचा कधी ऐकला नाही.

३० जून

उत्तर नाही. इतका वेळ कशाला लागतो? हेच मी सांगत होते. बाहेर उभ्या राहिलेल्या माणसाला कळत नाही आपला निरोप आत पोचला तरी का, कोण वाचतंय, काय बोलतायत आपल्याबद्दल. एक साधी ओळ पाठवायला काय जातं, 'तुमचं नाव मिळालं, थांबा'? माणूस थांबेल. पण काहीच नाही म्हणजे अपमान वाटतो. ह्यावर सविस्तर टिपण तयार करायला घेतलंय. आत गेल्यावर पहिल्यांदा तेच मांडणार.

७ जुलै

एंदाहचा फोन आला. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा तिचा आवाज. मी पटकन बसले. आईची तब्येत विचारली तिने. मी तिच्या बहिणीची विचारली. बरी आहे, म्हणाली.

"घरातल्या बायकांना विचारलं," ती म्हणाली. "नाही म्हणतात."

मी विचारलं, सगळ्या?

"नियम तुला माहीत आहे. एकीने म्हटलं तरी पुरतं."

"रुमिनीने माझ्यासाठी शब्द टाकला होता ना?"

"सांगायचं ते मी सांगितलं," एंदाह म्हणाली.

"कोण नाही म्हणालं, एंदाह? तू?"

"मला मत नाही. मी फक्त संगणक सांभाळते."

"मग कोण? एवढं तर सांग. मी तिच्याशी बोलेन, समजावीन."

"ते सांगत नाही आम्ही, वेनिंग," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "सांगत नाही, म्हणून तर त्या इथे आहेत."

माझा तोल गेला. मी म्हटलं, अशाने तुमच्याकडे नवीन माणूस कधीच यायचं नाही. कडीच्या आत तुम्ही तुम्हीच राहाल.

"कालच एक आली," एंदाह म्हणाली.